घमेलं उतरलं, थापी कुठे आहे?



या अंकाची मुद्रितं मी खिडकीशी बसून तपासली. आपल्या कार्यालयाची ही खिडकी रस्त्याकडे उघडते. समोरचा जुना दुमजली वाडा पाडला, त्याला दोन वर्षं झाली. आता तिथे चौदा मजले उभे आहेत. पायाचा खड्डा खणला तेव्हापासून गच्चीपर्यंतचं सगळं काम मी अधूनमधून मान वर करून पाहत आले. परवा चहा पिताना एकदम लक्षात आलं, की या चौदा मजल्यांवर मला एकदाही बायकांची रांग दिसली नाही.

रांग म्हणजे स्लॅबच्या दिवसाची रांग. आमच्या सोसायटीचा तिसरा स्लॅब १९८९ साली पडला, तेव्हा मी मुद्दाम रजा काढून तो बघायला गेले होते. (घर घेतलं की माणूस असला वेडेपणा करतो.) खाली मिक्सर धडधडत होता. बांबूच्या परांचीवर खालपासून वरपर्यंत बाया उभ्या होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. भरलेलं वर जायचं, रिकामं भिरकावत खाली यायचं. स्लॅब मध्येच थांबवता येत नाही, म्हणून सकाळी सातला सुरू झालेली ती रांग दिवे लावून रात्री नऊपर्यंत चालली. वाळूच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत दोन पोरं निजली होती. काम संपल्यावर ठेकेदारानं गूळ-खोबरं वाटलं. ते आधी गवंड्यांना आणि सेंट्रिंगवाल्यांना मिळालं. बायांपर्यंत आलं तेव्हा खोबरं संपलं होतं, हे मला अजून आठवतं.

समोरच्या इमारतीत तयार काँक्रीट गाड्यांमधून आलं. पंपानं आणि नळीनं ते वर चढलं. भिंती आणि स्लॅब अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत एकदमच ओतले गेले. साइटवर त्याला 'मायव्हान' म्हणतात. विटांच्या जागी मोठे हलके ठोकळे आले, माल न्यायला लिफ्ट आली. नळी धरायला चार माणसं, काँक्रीट पसरायला सहा. सगळी तरुण आणि सगळी पुरुष. स्लॅब दुपारच्या जेवणापर्यंत आटपतो.

संपादक मंडळाच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एक मैत्रीण फटकन म्हणाली, "मग बरंच झालं की! ते ओझं कुणाच्या डोक्यावर असावं असं तुला वाटतं?" तिचं म्हणणं खोडून काढावं असं नाहीच. ओल्या काँक्रीटचं घमेलं पंधरा-वीस किलोंचं. दिवसाला अशी शेकडो. मानेचे मणके, गर्भपात, अंग बाहेर येणं, बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी पुन्हा परांचीवर. आपल्या आरोग्य शिबिरांतून हे आपण किती वेळा ऐकलं आणि छापलं आहे. ओझं उतरावं अशी मागणी आपणच करत होतो. मग ओझं गेलं, ती बाई कुठे गेली, हे विचारायचं आपण विसरलो का? त्याच संध्याकाळी मी रस्ता ओलांडून समोर गेले.

बाया होत्या. चौदा मजल्यांत मिळून तिघी. एक झाडत होती, एक फरश्यांवरचे सिमेंटचे डाग खरवडत होती, तिसरी भिंतीवर पाणी मारत होती. तिसरीशी माझं बोलणं झालं, मग पुढचे आठ-दहा दिवस होत राहिलं. ती जालना जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची. वय पंचेचाळीसच्या पुढे असावं. तिची सासू १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला आणि माती वाहायला लागली, मग रोजगार हमीवर गेली. ही चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली ती थेट पुण्यातल्या एका साइटवर. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ ती बांधकामावर आहे.

"तीस वर्सं झाली ताई, अजून बिगारीच," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. मग तिनं एक गोष्ट सांगितली. तिच्या नवऱ्याचा भाचा सतरा वर्षांचा असताना साइटवर आला. त्याला माल कालवायला हिनंच शिकवलं. गिलाव्याला सिमेंट किती, वाळू किती, पाणी कधी थांबवायचं, सगळं. वर्षभर तो एका गवंड्याच्या हाताखाली राहिला. गवंडी जेवायला बसला की तो थापी उचलायचा, चार विटा लावून बघायचा. चुकला तर शिवी खायचा. चौथ्या वर्षी तो स्वतः गवंडी झाला. आज त्याची हजेरी अकराशे रुपये आहे, हिची सहाशे. हिला नुसत्या नजरेनं भिंत ओळंब्यात आहे की नाही ते कळतं. मागच्या महिन्यात बाथरूमचा उतार उलटा जातोय हे हिनंच दाखवलं. "पर थापी मी कधी धरली न्हाई. गवंडी जेवायला बसायचा तवा मी त्याला पानी आनायला जायची."

ते वाक्य मला रात्रभर पुरलं.

बांधकामावर कौशल्य शाळेत मिळत नाही. ते असं रिकाम्या वेळात, हाताखाली राहून, चोरून-मागून मिळतं. मुलगा हाताखाली येतो तो पुढे गवंडी होण्यासाठी. बाई हाताखाली येते ती हाताखाली राहण्यासाठीच. तिच्या रिकाम्या वेळावर चूल, पाणी आणि पोरं यांचा हक्क आधीच लागलेला असतो. शिवाय तिला बहुतेक वेळा एकटीला कामावर घेतच नाहीत, 'जोडी' घेतात. उचल नवऱ्याला देतात आणि आठवड्याचा हिशेबही त्याच्याच हातात देतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो, तसंच हे. दोन माणसांचं एकच नाव, आणि ते नाव पुरुषाचं.

आता ही जोडीही नको झाली आहे. मोठ्या साइटवर ठेकेदार सांगतात, "फॅमिली नको." एकट्या पुरुषांना पत्र्याच्या खोलीत दहा-दहा जण ठेवता येतात. त्यांना पाळणाघर लागत नाही, बायकांचं वेगळं न्हाणीघर लागत नाही, पोर खड्ड्यात पडेल ही धास्ती नाही. बिहार, झारखंड, बंगालमधून मुलं तुकड्यांनी येतात, सहा महिने राबतात, परत जातात. ही इमारत संपली की पुढच्या साइटवर फक्त भाच्याला बोलावणं आहे. हिनं काय करायचं? ती म्हणाली, "कोयता हायेच की." ऊसतोडीचा धंदा. पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून बीड जिल्ह्यात बायका गर्भाशयाच्या पिशव्या काढून घेत असल्याचं २०१९ साली उघड झालं, तोच. घमेल्यातून सुटलेली बाई तिथे परत जाणार असेल, तर आपल्या मैत्रिणीच्या 'बरंच झालं'चं काय करायचं?

आणि याच वेळी घरबांधणी उद्योगाचं रडगाणं काय आहे? कोणत्याही बिल्डरला विचारा, त्यांच्या परिषदांच्या बातम्या वाचा. व्याजदर, जमिनीचे भाव, परवानग्यांना लागणारा वेळ, आणि 'कुशल कामगार मिळत नाहीत'. २०२०च्या टाळेबंदीत मजूर पायी गावी निघून गेले आणि साइट ओस पडल्या, तेव्हा काही बिल्डरांनी त्यांना परत आणायला विमानाची तिकिटं काढली. यंत्रं आणण्याची घाईही त्यानंतर वाढली. गवंडी, फरशीवाले, प्लंबर, रंगारी यांचा तुटवडा आहे हे खोटं नाही. पण तीस वर्षं त्याच साइटवर वावरलेली, माल ओळखणारी, उतार ओळखणारी बाई खरकटं काढावं तशी बाहेर काढली जाते, आणि तुटवड्यावर उपाय म्हणून हजार मैलांवरून अठरा वर्षांचा अननुभवी मुलगा आणला जातो. यात निव्वळ धंद्याचाही हिशेब बसत नाही.

असं पहिल्यांदा घडत नाहीये. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी सुमारे पाचातली एक कामगार बाई होती. बायका वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत होत्या. यंत्रं सुधारली, ती खाती आक्रसली, रात्रपाळी आली. बायकांना रात्रपाळीची बंदी होती, बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकांना नको होता. त्यांना दुसरं खातं शिकवावं असं मालकांनाही वाटलं नाही आणि युनियनलाही फारसं वाटलं नाही. १९८२च्या संपाच्या वेळी गिरणीत बायका मोजक्याच उरल्या होत्या. त्याच गिरण्यांच्या जमिनींवर आज टॉवर उभे आहेत, आणि त्या टॉवरांच्या कामावरून बायका जात आहेत.

कायद्याचं सांगते, पण थोडक्यात, कारण आपल्यापैकी अनेकींनी त्यासाठी मोर्चे काढले आहेत. बांधकाम कामगारांच्या संघटनांनी १९८५पासून राष्ट्रीय पातळीवर मोहीम चालवली, तेव्हा कुठे १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आणि त्यातून कल्याण मंडळ. पन्नासहून जास्त बाया असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असंही त्यात होतं. ठेकेदारानं हजेरीपटावर एकोणपन्नासच बाया ठेवल्या की काम झालं. आता फिरती पाळणाघरं चालवणाऱ्या संस्था आहेत म्हणून काही पोरं तरी वाचतात. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ, गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी पहिलं असं पाळणाघर सुरू केलं होतं. निधीचं म्हणाल तर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, की या पैशातून काही ठिकाणी लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली गेली. ज्यांच्या वस्तीला नळ नाही त्यांच्या नावानं वॉशिंग मशीन.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६चा कायदा त्यांत विरघळला. पाळणाघराच्या तरतुदीत 'पन्नास बाया' जाऊन 'पन्नास कामगार' आले, ते चांगलं झालं. पण दुसरीकडे एक दार बंद झालं. पूर्वी दहा लाखांपर्यंतचं स्वतःचं राहतं घर या कायद्यातून वगळलेलं होतं. आता ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली आहे. टॉवरवरून हटलेल्या बायांना आज काम मिळतं ते नेमकं अशाच ठिकाणी: गावातलं नवं घर, तालुक्याच्या ठिकाणचा बंगला, जुन्या घरावरचा वाढीव मजला. तिथे अजून घमेलं आहे, परांची आहे. तिथेच कायदा गैरहजर.

नोंदणीची गोष्ट वेगळी. मंडळाच्या नोंदणीला वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. त्यावर सही कुणाची? नाक्यावर उभी राहणारी बाई रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाते. आम्ही एका वस्तीत नोंदणीचं शिबिर घेतलं होतं, तेव्हा पुरुषांचे अर्ज पटापट भरले गेले. बाया मागे उभ्या. का, तर "त्यांच्या कार्डावर माझं नाव हाय की, बायको म्हनून." भांड्यांचा संच घरात एकच यायचा, मग दुसरं कार्ड कशाला, असा साधा हिशेब. आपण स्वतः कामगार आहोत हे सरकारदरबारी लिहून घ्यायचं असतं, हे त्यांना सांगायला आम्हाला दोन तास लागले. खरं सांगायचं तर दोन तासांनंतरही निम्म्याच पटल्या.

समान वेतनाचंही तसंच. १९७६चा कायदा आता वेतन संहितेत गेला आहे. एकाच किंवा एकसारख्या स्वरूपाच्या कामाला बाई म्हणून कमी पैसे देता येत नाहीत, हे तिथेही लिहिलेलं आहे. पण तो गवंडी, ही बिगारी. कामाची नावंच वेगळी केली की कायद्याला पकडायला काही उरत नाही. आमच्या समोरच्या इमारतीत सहाशे आणि अकराशे हा फरक पूर्ण कायदेशीर आहे.

मग बाईला थापी धरता येते का? हा प्रश्न कुणी विचारला की मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तो गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं माळवद, त्याखाली हजारो माणसं गाडली गेली. मदतीला म्हणून आपल्यातल्याही काही जणी गेल्या होत्या, भांडी-कपडे घेऊन. पण पुढे जी गोष्ट घडली ती जास्त महत्त्वाची. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, या जिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीचा कार्यक्रम आला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक केलं. माळवदावरची माती किती कमी करायची, भिंतीच्या दोन्ही बाजू सांधणारा लांब दगड कुठे बसवायचा, घराभोवती पट्टा कसा बांधायचा, हे त्या शिकल्या. गवंडी काम नीट करतो की नाही हे उभ्या राहून तपासू लागल्या. डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाया मिस्त्रीला म्हणू लागल्या, हा दगड काढ आणि पुन्हा बसव. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा इथल्या बाया तिकडे गेल्या, तिथल्या बायांना समजावून सांगायला.

कार्यक्रमाची मुदत संपली, आणि ते ज्ञान बहुतेकींच्या घरात चुलीमागे जाऊन बसलं. मजुरीच्या बाजारात त्याला भाव कुणी दिला नाही. याचं मला आज जास्त वाईट वाटतं.

इतर ठिकाणी तुकड्या-तुकड्यानं असं घडलं आहे. अहमदाबादच्या 'सेवा'नं बांधकामावरच्या बायकांसाठी 'कर्मिका' नावाची शाळा काढली. झारखंडात स्वच्छ भारत योजनेत शौचालयं बांधायला गवंडी पुरेनात, तेव्हा बचत गटांतल्या बायकांना शिकवलं आणि 'राणी मिस्त्री' हा शब्द जन्माला आला. पुरुष पुरत नव्हते म्हणून दार उघडलं, हे लक्षात ठेवायला हवं. आज आपल्याकडे बिल्डर तेच सांगताहेत, की कुशल माणसं पुरत नाहीत.

घराच्या दुसऱ्या बाजूलाही आपण बरीच वर्षं लढलो. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागावं, यासाठी ग्रामसभांतून भांडलो. त्याला काही फळ आलं. पंतप्रधान आवास योजनेत बाईचं नाव मालक किंवा सहमालक म्हणून लागतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पन्नास लाखांच्या घरावर पन्नास हजार रुपये. ही सवलत चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. समोरच्या इमारतीतले काही फ्लॅट नक्कीच बायकांच्या नावावर होतील. पण घर घेणारीचा एक टक्का सरळ तिच्या खिशात राहतो. घर बांधणारीचा एक टक्का मात्र तिजोरीत पडून राहतो, आणि तिला तो मिळवायला नव्वद दिवसांचा दाखला लागतो.

आता थोडं आपल्याबद्दल. १९८०-९०च्या काळातली आपली निवेदनं मी कपाटातून काढून वाचली. पाळणाघर, संडास, समान मजुरी, मुकादमाच्या छळाला आळा. सगळ्या मागण्या रास्त, आजही अपुऱ्याच राहिलेल्या. 'बायकांना गवंडीकाम शिकवा' ही मागणी मला त्यांत एकाही ठिकाणी सापडली नाही. बाईला आपणही हाताखालचीच समजत होतो का? सहा वर्षांपूर्वी आपल्या याच कार्यालयाची डागडुजी झाली. मिस्त्रीशी घासाघीस मीच केली होती. त्याच्याबरोबर आलेल्या बाईला मी चहा दिला, तिच्या मुलीच्या शाळेची चौकशी केली, आणि तिनं काय काम करायचं ते मिस्त्रीला ठरवू दिलं.

म्हणून गटांना एक विनंती. तुमच्या भागात बांधकामं चालू असतील, तिथे जाऊन बाया किती आहेत ते मोजा. काय काम करतात, हजेरी किती, पैसे कुणाच्या हातात पडतात आणि किती वर्षं झाली, ते लिहून पाठवा. गवंडी, फरशीवाली, रंगारी म्हणून काम करणारी एखादी भेटली तर ती कशी शिकली हे नक्की विचारा. पुढच्या अंकात ते छापू. सरकारी प्रशिक्षणाच्या योजनांत बायकांना शिवणकाम आणि पार्लर सोडून काय मिळतं, हे तालुक्याला जाऊन विचारायला हवं. मंडळाच्या पैशातून साइटवरच, कामाच्या वेळेत, हजेरी न कापता बायांना गवंडीकाम शिकवायची मागणी करता येईल का, यावर शिबिरात बोलू. तारीख शेवटच्या पानावर आहे. शंका असणाऱ्या मैत्रिणींनी जरूर यावं. ज्या मैत्रिणीनं 'बरंच झालं' म्हटलं तिलाच पहिलं सत्र दिलं आहे.

आपल्या कार्यालयाच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे, हे इथे येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. जुना गिलावा काढून नवा करायचा आहे, आठ बाय दहाची भिंत. मी समोरच्या त्या बाईला विचारलं. हजेरी गवंड्याची, अकराशे. ती हसली. मग बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हात बसाया वेळ लागंल. वाकडी झाली भिंत तर?" मी म्हटलं, पुन्हा करू. गुरुवारी साइटला सुट्टी असते, त्या दिवशी ती येणार आहे. माल कालवायला भाचा येणार आहे. थापी ती त्याचीच आणणार होती. आम्ही तिला नवी घ्यायला सांगितलं आहे.